ताटातलं तेल, टाचेवरचं तेल

डिसेंबरात खांडस-नांदगावच्या पट्ट्यात मोहटीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल बाटलीतून ओतता येत नाही. भीमाशंकरच्या कड्याखालच्या या वाड्यांवर रात्री गारठा उतरला की तेल तळाशी तुपासारखं रवाळ होऊन बसतं आणि वर बोटभर पिवळं पातळ तेल तरंगत राहतं. सकाळी घरची बाई बाटली चुलीच्या कडेला ठेवते. दोन भाकऱ्या होईपर्यंत तळ सुटतो आणि मग फोडणी पडते. मी रसायनशास्त्र शिकवत होतो तेव्हा मेदाम्लांचा धडा अशाच एका बाटलीपासून सुरू करायचो. वाडीवरून येणाऱ्या मुलांना ती ओळखीची असायची. तिच्यात काहीतरी शिकण्यासारखं आहे हे मात्र त्यांना पहिल्यांदाच कळायचं, आणि त्यांचे चेहरे बदललेले मला अजून आठवतात.

तेल का थिजतं? कोणत्याही तेलाचा एक रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या कण्याला जोडलेल्या तीन मेदाम्लांच्या लांब साखळ्या. काही साखळ्या सरळ असतात आणि काहींना मध्येच बाक असतो. जंगलातून फाटी आणणाऱ्या कुणालाही पुढचं सांगावं लागत नाही. सरळ काटक्यांची मोळी घट्ट बांधली जाते, वाकड्या काटक्यांची सैल राहते. स्टिअरिक आणि पामिटिक या सरळ साखळ्या. त्या एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून लवकर थिजतात. ओलेइकला एक बाक असतो आणि लिनोलेइकला दोन. ही दोन्ही थंडीतही पातळ राहतात. मोहटीच्या तेलात ओलेइक साधारण चाळीस ते पंचेचाळीस टक्के, स्टिअरिक आणि पामिटिक प्रत्येकी वीस टक्क्यांच्या आसपास आणि उरलेलं बहुतेक लिनोलेइक असतं. झाडागणिक, जागेगणिक हे आकडे थोडे वरखाली होतात. पण सरळ आणि वाकड्या साखळ्या जवळजवळ निम्म्या-निम्म्या, हा त्याचा स्वभाव. म्हणून ते उन्हाळ्यात तेल असतं आणि थंडीत तूप होतं.

ही प्रस्तावना ज्या पुस्तिकेला जोडली आहे तिचा विषय कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या रानझाडांच्या बियांपासून निघणारी तेलं हा आहे. मोह, करंज, कोशिंब, रायवळ आंब्याची कोय, रातांबा. झाड कसं ओळखायचं, बी कधी आणि कशी गोळा करायची, तेल कसं काढायचं, त्यात काय असतं आणि ते कशासाठी वापरावं, अशी तिची सरळ मांडणी आहे. ती वाचायला घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असेल, कारण गेली तीसेक वर्षं मलाही तोच विचारला जातो आहे : हे तेल कशावर चालतं? गुडघ्यावर चालतं का, केसांवर चालतं का, खरजेवर, साखरेवर? प्रश्न विचारणाऱ्याची गरज खरी असते, म्हणून मी तो कधी टाळत नाही. पण माझं उत्तर दर वेळी आधी ताटाकडे जातं. मोहटीच्या तेलाचा आरोग्याला झालेला सर्वांत मोठा उपयोग औषधाचा नाही. पिढ्यानपिढ्या ते इथल्या गरीब घरातलं एकमेव स्निग्ध अन्न होतं, तो उपयोग सर्वांत मोठा. ते ताटातून गेलं तेव्हा काय गेलं, याचा हिशोब आपण मांडलेला नाही.

मोहाच्या झाडाचं वर्ष असं असतं. माघ-फाल्गुनात पानं झडतात. चैत्राच्या आगेमागे उघड्या फांद्यांच्या शेंड्यांना फुलांचे घोस लागतात आणि पहाटे फुलं टपटप खाली पडतात. फुलांनंतर फळ धरतं, त्याला इकडे दोडी म्हणतात. कोवळ्या दोड्यांची भाजी होते. मृगाच्या आसपास फळ पिकून गळतं आणि आतली तपकिरी, चकचकीत बी म्हणजे मोहटी. एका फळात एक-दोन, क्वचित तीन-चार. शंभर किलो मोहट्या फोडल्या तर साधारण सत्तर किलो गर मिळतो आणि त्या गरात जवळपास निम्मं तेल असतं. भुईमुगाच्या दाण्याच्या तोडीचं हे प्रमाण आहे, आणि इथे ना नांगरट आहे, ना पेरणी, ना खत.

फुलांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं, कारण फुलांपासून दारू होते आणि दारूवर सरकारला महसूल मिळतो. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर सरकारचा ताबा पक्का झाला. मग १८९२ च्या मोहवा कायद्याने ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत खुद्द फुलांवरच बंधनं आली. कर्जत त्याच्या एकच वर्ष आधी, १८९१ मध्ये, ठाण्यातून काढून कुलाब्याला जोडलं गेलं होतं. म्हणजे जिल्हा बदलला तरी इथल्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाट्याला तीच बंधनं आली. आपल्या दारातल्या झाडाखाली पडलेली फुलं घरात साठवून ठेवणं गुन्हा ठरू लागलं, तेही अशा लोकांसाठी ज्यांना चैत्र-वैशाखात ती फुलं भाजून, शिजवून खाण्यावर दिवस काढावे लागत. स्वातंत्र्यानंतरही दारूबंदीच्या कायद्यांनी ही पकड कायम ठेवली. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहफुलांच्या संकलनावरचे निर्बंध उठवले, तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षं उलटली होती.

बियांकडे मात्र कायद्याचं लक्ष गेलं नाही. तेलाची नशा होत नाही, त्यामुळे बी बायकांच्या हाती राहिली आणि कागदावर फारशी आली नाही. व्यापाऱ्यांच्या नजरेतून ती सुटली नव्हती. पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानातून मोहट्यांची पोती जहाजांनी युरोपात, मुख्यतः जर्मनीला जात. तिथे त्यांच्या तेलाचे साबण आणि मेणबत्त्या होत. तिकडच्या व्यापारात त्याला कधी मोवरा म्हणत, कधी इलिपे. आज इलिपे हे नाव बोर्नियोच्या जंगलातल्या अगदी वेगळ्या झाडाच्या तुपाला वापरतात. सौंदर्यप्रसाधनांच्या डबीवर ते नाव वाचून कुणी आपल्या मोहाचा अभिमान बाळगू नये, तो माल मोहाचा नसतो.

तेल काढण्याची जुनी पद्धत मी लहानपणी पाहिली आहे आणि पुस्तिकेत ती सविस्तर आली आहे. तरी तिच्याविषयी इथे थोडं लिहायलाच हवं, कारण आरोग्याचा निम्मा विचार त्या पद्धतीतच आहे. थोड्या सुकलेल्या मोहट्या दगडावर ठेवून हलक्या हाताने फोडायच्या. गर अखंड निघाला पाहिजे, चुरडला तर खवट होतो. मग तो उन्हात वाळवायचा, आणि खरी ओढाताण इथेच असते. मोहटी पडते मृगात, ऊन संपतं त्याच सुमाराला. दोन पावसांमधल्या उघडिपीत अंगणभर गर पसरायचा, ढग आला की गोळा करायचा, रात्री चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवायचा. वाळलेला गर उखळात कुटून त्याचा भुगा करायचा, फडक्यात बांधून पाण्याच्या वाफेवर धरायचा आणि गरम असतानाच दोन लाकडांच्या मध्ये दाबायचा. तेल ठिबकायला लागलं की घरभर त्याचा उग्र वास सुटायचा. शेवटी ते लोखंडी कढईत कडवटपणा जाईपर्यंत कढवायचं.

यातली प्रत्येक कृती रसायनशास्त्राच्या भाषेत सांगता येते. बीमध्ये लायपेझ नावाचं विकर असतं. ओल मिळाली की ते तेलाचे रेणू तोडतं, मोकळी मेदाम्लं सुटतात आणि तेल खवट, घशाला टोचणारं होतं. वाळवल्याने ओल जाते. वाफवल्याने विकर निकामी होतं, गरातल्या पेशी फुटतात आणि तेल पातळ होऊन सहज सुटतं. चुलीवरच्या धुरामुळे बुरशी धरत नाही. बुरशीचा मुद्दा मी मुद्दाम पुढे आणतो. ओलसर साठवलेल्या मोहट्यांवर जी बुरशी येते तिच्यापैकी काही प्रकार अफलाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करतात. त्याला वास नाही, चव नाही. त्यातलं बरंचसं पेंडीत राहतं, थोडं तेलातही उतरतं आणि घरच्या कढईतल्या कढवण्याने ते पूर्ण नष्ट होत नाही. म्हणून काळा-हिरवा पडलेला गर निवडून फेकणाऱ्या म्हातारीच्या हाताला मी कोणत्याही प्रमाणपत्राहून मोठं मानतो. तालुक्याच्या गावी गिरणीत पोतंच्या पोतं ओतलं जातं, तिथे असं निवडणारं कुणी नसतं.

तेल निघाल्यावर उरते ती पेंड, आणि मोहटीच्या बाबतीत तेल आणि पेंड यांचे स्वभाव अगदी उलटे आहेत. पेंडीत सॅपोनिनं भरपूर असतात. पाण्यात घुसळली की साबणासारखा फेस येतो. हीच पेंड कुटून ओढ्याच्या डोहात टाकली की मासे गुंगून वर येतात, कारण सॅपोनिनं त्यांच्या कल्ल्यांच्या नाजूक पडद्यावर हल्ला करतात. मासेमारीत कातकऱ्यांचा हात धरणारं कुणी नाही, आणि त्यांना हे पुस्तकांच्या फार आधीपासून ठाऊक आहे. असे मासे माणसाने खाल्ले तर सहसा बाधत नाही, कारण सॅपोनिनं आपल्या आतड्यातून फारशी शोषली जात नाहीत. पण तीच पेंड गुराला तशीच घातली तर ते आजारी पडतं. सॅपोनिनं पाण्यात विरघळतात, तेलात नाही, म्हणून एकाच बीमधून खाण्याजोगं तेल आणि न खाण्याजोगी पेंड वेगवेगळी निघते. ही विभागणी नीट झाली नाही, तेलात पेंडीचा गाळ राहिला, की तेल कडू लागतं. कडवटपणा जाईपर्यंत कढवून गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं तेल निवळून घ्यायचं, या सवयीमागचं कारण तेच.

आता ताटाकडे येतो. एका ग्रॅम तेलात नऊ किलोकॅलरी असतात, भाकरी-भातातल्या पिष्टात चार. लहान मुलाचं पोट लहान असतं. नुसत्या भाताने ते भरतं, पण पुरेशी ऊर्जा पोटात जात नाही. त्याच भातात चमचाभर तेल पडलं तर गोष्ट बदलते. दुसरा मुद्दा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. मोहट्यांचं तेल घरात येतं आषाढात. नेमक्या त्याच वेळी टाकळा, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्या उगवतात. हिरव्या पानांत बीटा-कॅरोटीन भरपूर असतं, त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, पण ते शोषलं जायला सोबत स्निग्ध पदार्थ लागतो. नुसती उकडलेली टाकळ्याची भाजी खाल्ली तर त्यातलं बरंचसं वाया जातं. नव्या तेलाच्या फोडणीवर परतलेला टाकळा हे एक पूर्ण अन्न आहे. हे कुणी ठरवून जुळवलेलं नाही. एकाच पावसाने दोन्ही दिलं आणि उपाशी माणसाने दोन्ही एकत्र शिजवलं. कर्जतच्या वाड्यांमधल्या कुपोषणाच्या बातम्या दर काही वर्षांनी छापून येतात तेव्हा मला ती फोडणी आठवते.

रेशनवर पामतेल आलं, नंतर दुकानात पिशवीतलं तेल आलं. मोहट्या फोडणं कष्टाचं होतं, बायकांची पाठ मोडायची. ते सुटलं याचा आनंद मानणाऱ्या बाईला मी दोष देणार नाही. रसायनशास्त्राच्या हिशोबानेही पामतेल आणि मोहटीचं तेल एकमेकांपासून फार लांब नाहीत. दोघांत सरळ साखळ्या जवळपास सारख्याच प्रमाणात असतात. फरक असा की पामतेलात त्या बहुतेक सगळ्या पामिटिकच्या आहेत, तर मोहटीत जवळपास निम्म्या स्टिअरिकच्या. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल पामिटिकने जितकं वाढतं तितकं स्टिअरिकने वाढत नाही. हा फायदा खरा आहे, पण बेताचा आहे. त्याच्या जोरावर मोहटीचं तेल हृदयाचं औषध म्हणून विकू पाहणाऱ्याला मी साथ देणार नाही. खरा फरक पैशाचा आहे. पिशवीतलं तेल विकत आणावं लागतं. लावणी झाल्यावर हातातली मजुरी संपलेली असते आणि कापणी लांब असते. त्या महिन्यांत घरी स्वतःच्या झाडाचं तेल असणं आणि दहा रुपयांची पुडी आणणं, यात मुलाच्या ताटात पडणाऱ्या तेलाचं माप बदलतं.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. मोहटीचं तेल सतत आणि भरपूर प्रमाणात खाऊ घातलेल्या उंदरांच्या पिढ्यांवर १९९० च्या सुमारास प्रयोग झाले, त्यांत नरांच्या वृषणांवर अनिष्ट परिणाम आणि प्रजनन कमी झाल्याचं नोंदलं गेलं. वाडीवरची माणसं हे तेल पिढ्यानपिढ्या खात आली आणि त्यांची घरं मुलांनी भरलेली राहिली, हा अनुभवही समोर आहे. पण घरचा अनुभव आणि मोजून केलेला प्रयोग यांच्यात एकाची निवड करून दुसऱ्याला गप्प बसवणं मला पटत नाही. घरी हे तेल थोडं असतं, वर्षातले काही महिने असतं, वाफवून आणि कढवून घेतलेलं असतं. प्रयोगातल्या उंदराचं तसं नसतं. म्हणून पुस्तिकेने धरलेली वाट मला योग्य वाटते : खाण्यासाठी हंगामापुरतं, कढवलेलं, इतर तेलांच्या सोबतीने. रोज सकाळी उपाशीपोटी चमचाभर कच्चं तेल प्यायचा जो सल्ला हल्ली फिरतो आहे, त्याला इथे जागा नाही.

टाचेवरच्या तेलाचं काम सोपं आहे आणि त्याबद्दल शंका कमी. लावणीच्या दिवसांत बायका आठ-आठ तास चिखलात उभ्या असतात. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून सोलवटते, आग होते. त्या चिखल्या. आमच्याकडे शेतावर जायच्या आधी पायाला तेल चोळायची रीत होती आणि परत आल्यावर पाय धुऊन, शेकून पुन्हा. सकाळच्या तेलाचं काम पाणी आत शिरू न देण्याचं. मोहटीचं तेल घट्टसर असल्याने ते कातडीवर टिकतं, खोबरेल लवकर धुऊन जातं. थंडीत भेगाळलेल्या टाचांना आणि ओठांनाही हाच गुण उपयोगी पडतो. तेलामुळे कातडीतली ओल उडून जात नाही आणि भेग मऊ पडून भरून यायला वेळ मिळतो. सांध्यांना चोळल्यावर बरं वाटतं त्यात चोळण्याचा आणि उबेचा वाटा मोठा असतो. हे सांगितल्याने तेलाची किंमत कमी होते असं मला वाटत नाही. म्हाताऱ्या सासूचे गुडघे सुनेने रोज दहा मिनिटं गरम तेलाने चोळले, तर ते दहा मिनिटंही औषधच आहेत.

टाचांच्या भेगांसाठी कोकणपट्टीत याहून प्रसिद्ध आहे ते रातांब्याच्या बियांचं तेल, कोकमतेल किंवा भिरंडेल. किनाऱ्याकडे ते मुठीएवढ्या गोळ्यांत विकतात. त्यात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आणि उरलेलं बहुतेक ओलेइक असतं. म्हणजे मोळीतल्या सरळ काटक्या आणखी वाढल्या, म्हणून ते वैशाखातही घट्ट राहतं आणि वितळायला सुमारे चाळीस अंश लागतात. चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याऐवजी थोड्या प्रमाणात वापरायला युरोपीय संघाने २००० साली सहा वनस्पती-स्निग्धांना परवानगी दिली, त्यांत आपला कोकम आहे आणि आंब्याच्या कोयीची चरबीही आहे. कर्जतच्या प्रत्येक बांधावर रायवळ आंबा आहे आणि ज्येष्ठात त्याच्या कोयी उकिरड्यावर पडलेल्या असतात. कोयीतल्या गरात तेल फार नसतं, दहा टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे घरगुती पद्धतीने ते काढणं परवडत नाही. कोयीचा गर भिजवून, तुरटपणा काढून त्याचं पीठ खाणं मात्र टंचाईच्या काळात इथल्या वाड्यांना माहीत होतं.

करंजाबद्दल लिहिताना मला पुण्याची आठवण होते. करंजेल जखमेवर, खरजेवर, उवांवर लावतात हे सगळा महाराष्ट्र जाणतो. त्या कडू, लालसर तेलात नेमकं काय आहे हे शोधायला पुण्याच्या रानडे संस्थेतले प्रा. द. बा. लिमये बसले. तेलातून त्यांनी एक स्फटिकरूप पदार्थ वेगळा केला आणि १९२५ साली भारतीय विज्ञान काँग्रेसपुढे मांडला. त्याला त्यांनी करंजिन म्हटलं. त्या नावात आपल्या झाडाचं आपल्या भाषेतलं नाव आहे आणि आज जगभरच्या रसायनकोशांत ते तसंच छापलेलं असतं. करंजिन कीटकांना मारक आहे, पिकांवरच्या किडींसाठी त्याचा उपयोग होतो. करंजेल खाण्याचं नाही, ही गोष्ट पुस्तिकेत ठळक छापली आहे ती त्यासाठीच. मोहटीचं आणि करंजाचं तेल एकाच घरात, सारख्याच बाटल्यांत असतं. बाटल्या वेगळ्या ठेवा, लहान मुलांच्या हाताला येणार नाहीत अशा.

कोशिंबाचंही तसंच. त्याची आंबट फळं शाळेतून येता-जाता आम्ही पुष्कळ खाल्ली. बियांचं तेल खाज आणि केसांसाठी वापरतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये केसांना चोपडायचं जे मकासर तेल गाजलं, त्याच्याशी इंडोनेशियातल्या याच झाडाचं नाव जोडलेलं आहे. या तेलात अराकिडिक आम्ल लक्षणीय असतं, शेंगदाण्याच्या लॅटिन नावावरून नाव पडलेलं. सोबत सायनाइड सुटू शकेल अशी काही संयुगंही असतात. तेव्हा हेही वरून लावायचं, पोटात घ्यायचं नाही.

बियांच्या तेलाचं औषध होतं की नाही, या प्रश्नाला सह्याद्रीतच एक मोठं उत्तर आहे : कडू कवठ. त्याच्या आणि त्याच्या चौलमुग्रा या भाऊबंदांच्या तेलातल्या मेदाम्लांच्या टोकाला पाच कार्बनांचं एक कडं असतं, असं दुसऱ्या तेलांत सहसा आढळत नाही. कुष्ठरोगावर हे तेल आपल्याकडे जुन्या काळापासून देत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते जगभरच्या कुष्ठरुग्णालयांत पोचलं. पोटात घेतलं तर मळमळायचं, टोचलं तर गाठी व्हायच्या. १९१५-१६ मध्ये हवाईतल्या ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञाने त्या आम्लांपासून टोचता येण्याजोगं रूप तयार केलं. तिचं वय तेव्हा जेमतेम तेवीस, आणि १९१६ संपता संपता ती वारली. वीसेक वर्षं जगाने ते वापरलं. १९४० च्या दशकात सल्फोन औषधं आली आणि तेल मागे पडलं, कारण नवी औषधं कितीतरी अधिक गुणकारी होती. हे मी मुद्दाम सांगतो. एखाद्या रानतेलात औषध असू शकतं. ते शोधायला रेणू वेगळा काढावा लागतो, मात्रा ठरवावी लागते, रुग्णांवर मोजून पाहावं लागतं. आणि त्याहून चांगलं औषध हाती आलं तर तेलाचा हट्ट सोडावा लागतो. खरजेची गोळी आणि मलम उपकेंद्रात मिळत असताना पोराला महिनाभर करंजेल चोळत बसणं बरोबर नाही.

मोहाची झाडं आता कमी होत चालली आहेत. मुंबई-पुण्याच्या मधोमध असल्याने कर्जत-खालापुरात जमिनी विकल्या गेल्या, बांधावरचे मोह कुंपणांच्या आत गेले. झाड उभं असलं तरी खाली पडलेली दोडी वेचायला बाईला आत जाता येत नाही. काही ठिकाणी अंगणात कचरा होतो म्हणून झाडच तोडतात. मोह फळाला यायला दहा-पंधरा वर्षं घेतो आणि पुढे कित्येक पिढ्या देत राहतो. वन हक्क कायद्याने २००६ साली गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला. आधारभूत किमतीच्या योजनेत २०२० मध्ये मोहटीला किलोला २९ रुपये, कोशिंबाच्या बीला २३ आणि करंजाला २२ रुपये जाहीर झाले. किलोभर मोहट्या वेचायच्या, फोडायच्या, पावसाशी झुंजत वाळवायच्या आणि हाती २९ रुपये. बी विकण्यापेक्षा तेल करून घरात ठेवणं अजूनही शहाणपणाचं आहे, आणि दाबण्याचे कष्ट कमी करणारं लहान यंत्र चार वाड्यांत मिळून घेता आलं तर ते शक्यही आहे.

पुस्तिका वाचताना दोन गोष्टी सांभाळाव्यात अशी विनंती. नावं वाडीगणिक बदलतात. एका वाडीवर जिला मोहटी म्हणतात तिला पलीकडे दुसरंच काही म्हणतात, आणि कातकरी घरात आणखी तिसरं. तुमच्या वाडीतलं नाव समासात लिहून ठेवा. दुसरी, वाळवण्याचं प्रकरण आधी वाचा आणि घरातल्या म्हातारीला वाचून दाखवा. गर वाळला की नाही हे ओळखायला पुस्तिकेत ओलाव्याचे आकडे दिले आहेत, ते बरोबर आहेत. पण आमच्या शेजारची आजी मोहटी फोडायच्या आधी मूठभर उचलून कानाशी खुळखुळवायची. आतला गर सुकून कवचापासून सुटला की तो वाजतो. "अजून बोलंना," म्हणायची आणि परत उन्हात पसरायची. यंदा मृग लागायच्या आत ही पुस्तिका वाड्यांवर पोचली, तर त्या आवाजाची परीक्षा याच पावसाळ्यात घेता येईल.